हात सुटला म्हणे

१२ नोव्हें. २००६, रविवार. दारव्हा

सकाळच्या जीपनं यवतमाळला जाऊन झाडं पाहून आलो. विजय अन् मी. वकीलसाहेबांचा जुना बंगला, मागच्या अंगणात दोन चिडाची, म्हणजे पाईनची, झाडं. त्यांच्या आजोबांनी पहाडातून रोपं आणून लावलेली म्हणे. गल्लीतले लोक त्याला इलायती सुरू म्हणतात. इतकं उंच झाड मी या जिल्ह्यात दुसरं पाहिलं नाही. फांद्या छत्रीच्या काड्यांसारख्या, एकाच जागेवरून चहूकडे फुटलेल्या, मग जरा मोकळं खोड, मग परत काड्या. खालच्या बऱ्याच वाळल्या आहेत. वाळलेल्या फांदीचा भरोसा नाही, बुडातूनच कटकन निघते.

झाड पाडायचं नाही. स्वैपाकघराच्या छपराच्या कवेलूंवर आलेल्या फांद्या उतरवायच्या, वाळलेलं काढायचं, कवेलू फुटू द्यायचे नाहीत. आधी आलेले लाकूडतोडे "बुडातूनच पाडतो" म्हणाले. साहेबांना ते नको.

साहेबांनी विचारलं, "वर तुम्ही. खाली दोर कोण धरणार?" वि.नी माझ्याकडे बोट केलं. साहेब हसले, "बायको धरणार?" वि. म्हणाले, "सायेब, हिच्याच भरोशावर मी वर जातो. दोराचं सारं हिनंच शिकवलं मले."

जीपमध्ये चौघांच्या जागेत आठ जण. तरी परत येताना बरं वाटत होतं.

१४ नोव्हें., मंगळ.

लतीफभाईंच्या वर्कशॉपमध्ये कप्पी आणायला गेलते. नवी कप्पी त्यांनीच बनवून दिली, जड, कडांना कुठं धार नाही. दोन्ही बाजूनं बोट फिरवून पाहिलं. लतीफभाईंकडे काम नाही सध्या. जिनिंगच बंद तर बेअरिंग कोण बदलणार? वि. तिथंच फिटर होते. रुईच्या धुळीत पंधरा वर्षं काढली, मग एका दिवाळीनंतर फाटक उघडलंच नाही. पुढच्याच पावसाळ्यात शाळेवर निंबाची फांदी लोंबकळत होती, कोणी हात लावायला तयार नव्हतं, अन् मी सहज म्हणाले की एनसीसीच्या कॅम्पात आम्ही दोरावरून माणूस उतरवायचो, ही तर फांदी आहे. तिथून हा धंदा. आता दारव्ह्यात आम्हाला "दोरवाले" म्हणतात.

दुपारी दोन्ही दोर अंगणात लांब टाकून हातानं चाचपले. एक माणसाचा दोर, एक फांदीचा. माणसाच्या दोरानं फांदी बांधायची नाही. वर गेल्यावर खोडाभोवती पट्टा अडकवल्याशिवाय करवत काढायची नाही. अन् खालून मी "हो" म्हटल्याशिवाय काप द्यायचा नाही. हे तीन नियम. वि.ना पाठ आहेत, तरी प्रत्येक कामाच्या आधी म्हणून घेते. ते हसतात, "मास्तरीण."

१६ नोव्हें., गुरु.

पहिलं झाड. दिवसभराचं काम, छान झालं.

बारीक दोरीला वजन बांधून वर फेकली, तिसऱ्यांदा जाड फांदीच्या बेचक्यात बसली. तिच्यामागून माणसाचा दोर ओढून घेतला. वि. वर चढत गेले तसा मी दोर घेत गेले. पहिल्या काड्यांपाशी पोचले, पट्टा अडकवला, पायानं ठोकून पाहिलं, हात हलवला. मग मी माणसाचा दोर बांधून टाकला अन् फांदीचा हाती घेतला.

फांदीच्या दोराचं असं: कप्पी कापायच्या फांदीच्या वर खोडाला बांधायची. दोर फांदीपासून कप्पीतून खाली, खाली बाजूच्या निंबाच्या बुंध्याला तीन वेढे, मग माझ्या हातात. वेढ्यांमुळे भार झाड घेतं, माझा हात फक्त सोडायचं काम करतो. वजन आलं की बुंधा किरकिरतो, अन् हळूच दोर सरकू लागतो. फांदी अंगणात लेकरू पाळण्यात ठेवावं तशी येते. एकही कवेलू हलला नाही.

चिडाच्या चिकानं मात्र जीव खाल्ला. दोरावर राळ बसते, दोर अडकत-अडकत सरकतो. रॉकेलनं पुसला.

माळी नामदेवभाऊ फांद्या ओढून नेत होते. मी त्यांना चुन्यानं गोल आखून दिला, "फांदी खाली टेकल्याशिवाय याच्या आत नाही यायचं." ते म्हणाले, "ताई, तुम्ही पुलिसवाल्यापेक्षा कडक."

चहा साहेबांनी कपात दिला, मलाही. वि. जाम खूश.

१७ नोव्हें., शुक्र.

लिहिता येत नाही नीट. दोन्ही हातांना पट्ट्या आहेत, पेन बोटांच्या टोकात धरला.

नामदेवभाऊंच्या खांद्याचं हाड मोडलं. जीव वाचला.

उद्या लिहीन.

१८ नोव्हें., शनि.

झालं ते क्रमानं लिहिते, नाही तर डोक्यात फिरतच राहील.

दुसरं झाड. दुपारची वेळ. साहेबांकडे पाहुणे यायचे होते, ते मागच्या दारी येऊन दोनदा विचारून गेले, "आटोपतं का?" स्वैपाकघरावरच्या फांद्यांपैकी सगळ्यात मोठीची पाळी होती. कप्पी खालच्या काड्यांपाशी होती, ती सोडून फांदीच्या वर नेऊन बांधायची. म्हणजे वि.ना परत खाली उतरा, सोडा, चढा. थकले होते. त्यांनी कप्पी तिथंच ठेवली अन् दोर वरच्या एका वाळक्या खुंटावरून टाकून घेतला.

मी ओरडले, "थांबा! कप्पी वर घ्या! खुंट वाळका आहे!"

"होते, होते."

मी "हो" म्हटलं नाही. तीनदा "थांबा" म्हटलं. करवत चालूच होती.

फांदी सुटली, खुंटावर भार आला, खुंट कटकन मोडला. मधला सारा दोर ढिला झाला, फांदी मोकळी खाली आली, मग खालच्या कप्पीवर झटका बसला अन् ती झुलून खोडाच्या या बाजूला आली. दोर माझ्या हातातून सणसणत गेला. हातमोजे फाटले, मग कातडी. मी सोडला नाही. हात सोडला असता तर ती पूर्ण जमिनीवर, नामदेवभाऊंच्या डोक्यावर. गोलाच्या बाहेरच होते ते. फांदी जिथं यायची नव्हती तिथं आली. मी धरली म्हणून फक्त शेंडा लागला, खांद्याला. फांदी कंबरेएवढ्या उंचीवर लटकत राहिली अन् भाऊ तिच्याखाली पडून "माय वं, माय वं."

वि. कधी खाली आले कळलं नाही. साहेबांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. भाऊंच्या बायकोला कोणीतरी घेऊन आलं. मी माझ्या हातांची पट्टी करून घेत होते, मधे हिरवा पडदा. पलीकडे साहेब विचारत होते, "झालं कसं काय?"

मग वि.चा आवाज: "बाईमानूस आहे सायेब. हात सुटला तिचा."

साहेब म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं."

वि. म्हणाला, "चुकलं माह्यं. आता गडी मानूस आनतो."

नर्स पट्टी गुंडाळत होती. ती माझ्या हाताकडे पाहत होती, मग माझ्याकडे.

वर "म्हणाला" लिहिलं गेलं. खोडत नाही.

१९ नोव्हें., रवि.

बोलायचं नाही ठरवलं होतं. भाकरी थापता येत नाही म्हणून तो स्वतः पोहे करत होता, माझ्या ताटात वाढून, चमचा हातात देऊन. मीठ बरोबर होतं. त्यानंच जास्त राग आला.

"पडदा पातळ होता," मी म्हटलं.

तो समजला. कढई घासू लागला.

"काम टिकवाचं होतं मंगल. मले काम नाही दिलं तं आपल्याले दुसरं कोन देते? माह्यावर आलं असतं तं सारं बंद झालं असतं. तुह्यावर आलं तं काय बिघडते? तुले कोन विचारते?"

"मी थांबा म्हटलं होतं."

"आयकू नाही आलं."

"तुम्ही 'होते, होते' म्हणाले."

त्यानं कढई पालथी घातली.

मग म्हणे, "तुह्या जिवाचं काही झालं का? हात बरे होतीन."

बारा वर्षं संसार झाला. जिनिंग बंद पडल्यावर हा माणूस दोन महिने भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मी उठवला. पहिल्यांदा झाडावर चढला तेव्हा मधेच थांबला, खालून मी बोलत राहिले, एकेक पाऊल, उजवा पाय, आता डावा. ते काही मी उपकार म्हणून केलं नव्हतं. पण निदान...

२२ नोव्हें., बुध.

दारव्ह्यात बातमी आली. नळावर शेजारच्या काकू: "अवं मंगल, कायले असल्या फंदात पडतं तू? दोर धरनं बायांचं काम हाये का? बिचारा विजू." बिचारा विजू!

सांगावं वाटलं. तोंड उघडलं, पण सांगितलं तर तो खोटा ठरतो, नाही सांगितलं तर मी. घागर अर्धीच भरून आणली, हातानं उचलवली नाही.

दुपारी लतीफभाई आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी नाही. पिशवीतून मोडका खुंट काढला. कप्पी आणायला ते बंगल्यावर गेलते तेव्हा झाडाखाली पडलेला दिसला. त्यावर दोराची घासलेली खूण स्वच्छ.

"भाभी, कप्पीले काही झालं नाही. मी पाह्यली. अन् हे भी पाह्यलं." मग थांबून, "विजू माहा दोस्त आहे, त्याच्या तोंडावर मी काही नाही बोलनार. पन तुमच्या तोंडावर झूट भी नाही बोलनार."

मी म्हटलं, "मग कोणाच्या तोंडावर बोलणार भाई?"

ते मान खाली घालून गेले. मी जास्त बोलले. पण बरोबरच बोलले. खुंट चुलीत टाकला. पुरावा दाखवायला मला माझ्याच घरात कोर्ट भरवायचं नाही.

२५ नोव्हें., शनि.

संजू आला होता. वि.चा जिनिंगमधला जोडीदार, धिप्पाड, कापसाच्या गठाणी उचलणारा. वि. घरी नव्हता, ते पाहूनच आला असावा. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, मग बसूनच राहिला.

"वहिनी, सोमवारी आमी जाऊन राह्यलो यवतमाळले. राहेल झाड करायले."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. खरंच नव्हतं.

तो खजील झाला. "म्हनजे... विजू म्हने तुमचे हात... वहिनी, एक विचारू? त्या बुंध्याले दोराचे आटे किती द्याचे?"

"विजयनं नाही सांगितलं?"

"तो म्हन्ते ताकद लावून धरजो. मी धरीन, ताकद आहे माह्यात. पन तो वर असते न."

हसावं की रडावं. हा माणूस मला काढून ज्या जागी उभा राहणार ती जागा मलाच विचारायला आला. एक मन म्हणालं, सांगू नको. जा म्हणावं, ताकद लावून धर. अन् मग?

मग उठले. फांदीचा दोर पोत्यातून काढला, दाराशी उभ्या असलेल्या बैलगाडीच्या चाकाला वजन म्हणून विळी-पाटा बांधला, चाकाला बांधलेला दोर निंबाच्या फांदीवरून टाकला अन् बुंध्याला तीन वेढे देववले, सारं त्याच्याच हातून. माझ्या हातानं काही धरवत नव्हतं, तोंडानंच. "ताकद नाही लावायची. वेढे ताकद लावतात. तू फक्त हळू सोड. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच. अंगठा वर. बोटं पाहा कुठं आहेत ती. अन् वर पाहत राहा, दोराकडे नाही, माणसाकडे." पहिल्यांदा चाक धाडकन आलं. दुसऱ्यांदाही. शेवटी शेवटी बरं सोडू लागला.

जाताना म्हणाला, "तुमी नाही सोडला न त्या दिवशी."

"नाही."

"मले वाटलंच. ज्याचा हात सुटते त्याची सालटी निघत नाही." माझ्या पट्ट्यांकडे पाहत होता. "पन मी काय करू वहिनी, मलेबी घर आहे."

सगळ्यांनाच घर आहे.

(विळी-पाटा नाही, पाटा-वरवंट्याचा पाटा. घाईत लिहिलं. अन् चाक बैलगाडीचं, नुसतंच, गाडी कधीच विकली.)

२७ नोव्हें., सोम.

ते दोघं सकाळीच गेले. मी नंतरच्या जीपनं गेले, बंगल्यावर नाही, दवाखान्यात. नामदेवभाऊंना भेटायला. मोसंबी घेतली.

त्यांचा हात गळ्यात. बायको बाहेर गेलती. मी सरळ म्हटलं, "भाऊ, माझा हात सुटला नव्हता."

ते छताकडे पाहत म्हणाले, "ठाव हाये मले. मी खालीच होतो न ताई. आधी वरचा खुंट मोडला, मंग फांदी आली. तुमी 'थांबा, थांबा' करत होत्या, तेबी आयकलं."

मला वाटलं होतं की हे ऐकून हलकं वाटेल.

"मग साहेबांना काहून नाही सांगितलं?"

"सायेबानं इचारलंच नाही. विजूभाऊनं सांगतलं, त्याईनं मानलं. आता मी म्हनू का, तो लबाड हाये? त्यो इथं रोज येऊन माह्ये पाय दाबून जाते."

रोज येतो? मला म्हणतो टायरच्या दुकानात बसतो.

"काय बोलतो?"

"काही नाही. पाय दाबते अन् जाते. एकदा रडला."

मोसंबी सोलून दिली, हळूहळू, नखांनी. माझ्याजवळ रडला नाही. माझ्याजवळ "हात बरे होतीन" म्हणाला. जिचे हात गेले तिच्यापासून लपवायचं अन् ज्याचा खांदा गेला त्याचे पाय दाबायचे, हे कसलं पाप धुणं?

संध्याकाळी वि. लवकर आला. कपडे स्वच्छ. चिकाचा एक डाग नाही.

"झालं?" मी विचारलं.

"नाही."

३० नोव्हें., गुरु.

आज सांगितलं त्यानं. सोमवारी पहिल्या काड्यांपर्यंत गेला, पट्टा अडकवला, खाली पाहिलं. संजू बरोबर उभा होता, वर पाहत, वेढे बरोबर, सगळं बरोबर. तरी करवत निघाली नाही. उतरला. मंगळवारी परत गेला, एका फांदीत अर्ध्या कापावर करवत थांबली, उतरला. साहेब चिडले. फांद्या तशाच आहेत कवेलूंवर, एक अर्धी कापलेली, हवा सुटली तर केव्हाही पडेल. खाली स्वैपाकघरात माणसं.

"त्याले पाहून वर जाववत नाही. खालून तुहा आवाज पायजे मंगल. मले दुसरं काही समजत नाही."

माझे हात बरे होत आले आहेत. नवी कातडी गुलाबी, ओढल्यासारखी. दोर धरता येईल, जाड हातमोजे घालून.

मी म्हटलं, "आधी साहेबांसमोर सांगा काय झालं ते. संजूसमोर. मग येते."

"सांगतो."

"काय सांगाल?"

"जे झालं ते."

असं म्हणून तो माझ्या हातांवर हळद-लोणी लावायला बसला. मी लावू दिलं. का लावू दिलं माहीत नाही. सवय.

२ डिसें., शनि. यवतमाळ

बंगल्याच्या मागच्या पायरीवर बसून लिहिते.

सकाळी आलो. तो, मी, संजू. साहेब बाहेर आले, मला पाहून कपाळाला आठी. "ह्या परत?"

वि. पुढं झाला. घसा साफ केला.

"सायेब, त्या दिवशीचं बोलायचं होतं. चूक झालती."

"कुणाची?" साहेबांनी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. संजूनं खाली पाहिलं. वर वारा होता, चिडाच्या झाडाला वारा लागला की लांबवर नदी असल्यासारखा आवाज येतो.

"दोघांचीबी," वि. म्हणाला.

साहेब म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, आता नीट करा," अन् आत गेले. संपलं. इतकंच.

वि. माझ्याजवळ आला. चेहरा असा की मोठा डोंगर चढून आला. खरंच वाटतं त्याला की सांगितलं. "सांगतलं न?" म्हणाला.

मी पायरीवर येऊन बसले, वही काढली. त्यानं पट्टा कमरेला आवळला, बूट घातले, झाडाखाली जाऊन उभा राहिला. अर्धी कापलेली फांदी वर हलते आहे, खाली स्वैपाकघरात कोणीतरी कुकर लावला, शिट्टी झाली. ती फांदी उतरवायलाच पाहिजे, ते तर खरं. संजूला ती जमणार नाही, हेही खरं. अन् दोघांची चूक नव्हती.

दोर अजून पोत्यात आहे.

तो तिथून विचारतो आहे, "येतं न मंगल?"

मी म्हटलं, लिहून होऊ द्या.